निनाई वस्तीची हरकत

बाबासो मगदूम यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी उचगावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे भाऊसाहेब म्हणत. ग्रामसेवकाला गावोगाव भाऊसाहेब म्हणतात, आणि एकदा चिकटलेली ही हाक पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही. सकाळी जैन मंदिरात दर्शन, मग पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि त्यानंतर कुणाचा वारसनोंदीचा, कुणाचा नळजोडणीचा अर्ज लिहून देणं, असा त्यांचा दिवस जाई. अक्षर असं की अर्ज हातात घेणाऱ्याला नाही म्हणायला जड जावं.

मार्चमधल्या एका गुरुवारी तेजस्वी आडनाईक त्यांच्या दारात उभी राहिली. शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढं डोंगरात उंबरकुंड म्हणून गाव आहे, तिथली ती सरपंच. माहेर कोल्हापूर शहरातलं, वय बत्तीस. निवडून येऊन तिला तीन वर्षं झाली होती. बाबासोंनी उंबरकुंडला आठ वर्षं नोकरी केली होती, पण ते गाव सोडलं तेव्हा ही जन्मली तरी होती की नाही कुणास ठाऊक. तरी तिनं आत येऊन आडनाव सांगितलं आणि ते चटकन म्हणाले, "म्हणजे हंबीररावांच्या घरातली."

ती हंबीररावांची नातसून होती. हंबीरराव आडनाईक सतरा वर्षं सरपंच होते आणि जाऊनही आता दहा वर्षं झाली होती.

तेजस्वीचं काम साधं होतं. उंबरकुंड ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहत होती, जानेवारीत उद्घाटन करायचं होतं. त्यावेळी गावाच्या कारभाराचा इतिहास सांगणारी एक पुस्तिका काढावी असं तिच्या मनात होतं. ब्याण्णव सालापासूनचं सगळं मिळत होतं. त्याआधीचं कुणालाच धड सांगता येत नव्हतं. तेव्हा उंबरकुंड आणि वरची पाथरवाडी मिळून एकच ग्रुप ग्रामपंचायत होती. एकोणसाठ साली झाली, ब्याण्णव साली तिचे दोन भाग झाले, आणि ती तेहतीस वर्षं जणू कुणाचीच उरली नाहीत. कागद बरेचसे वाळवीनं खाल्ले होते. त्या पंचायतीत काम केलेला हयात माणूस शोधता शोधता ती उचगावला आली होती.

बाबासोंना मनापासून आनंद झाला. एवढ्या वर्षांत अर्ज लिहायला पुष्कळ लोक आले, पण तुम्हाला काय आठवतं ते लिहा असं सांगायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली.

पहिली पंधरा पानं सरसर लिहून झाली, काही पाहिलेलं, काही जुन्या माणसांकडून ऐकलेलं. निनाई देवीच्या देवळाच्या ओवरीत भरणारी पंचायत, एक पेटी आणि एक घोंगडं एवढाच तिचा संसार. मग पंचायतीचा रेडिओ आला. तो चावडीच्या खिडकीत ठेवायचा आणि शेतीचे कार्यक्रम लागले की कर्णा सुरू करायचा. पाथरवाडीपर्यंत आवाज पोचत नाही म्हणून पाथरवाडीकरांनी पहिली तक्रार केली ती रेडिओचीच. पाथरवाडीचा रस्ता श्रमदानानं झाला तेव्हा हंबीरराव स्वतः पहाटेपासून पहार मारत होते, हातांना फोड आले तरी बाजूला झाले नाहीत. बाबासोंनी हे सगळं प्रेमानं लिहिलं. त्यातला शब्दही खोटा नव्हता. हंबीरराव रागीट होते, आपलंच खरं करणारे होते, पण गावासाठी झिजलेले होते.

मग ब्याण्णव साल आलं आणि वही मिटली.

चार दिवस त्यांनी पेनाचं टोपण काढलं नाही. अक्काताई, त्यांची बायको, भाजी निवडता निवडता बघत होती. पाचव्या दिवशी तिनं विचारलं की लिहायचं संपलं का अडलं. ते म्हणाले, अडलंय. ती म्हणाली, आठवंना व्हय? ते म्हणाले, सगळं आठवतंय.

झालं होतं ते असं. पाथरवाडीला वेगळी पंचायत हवी होती. त्यात कुणाचं दुमत नव्हतं, हंबीररावांचंही नाही. रोजच्या भांडणापेक्षा वेगळी चूल बरी, असं ते म्हणत. प्रश्न होता निनाई वस्तीचा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, तेवीस घरांची ही वस्ती. फार पूर्वी उंबरकुंडची गुरं सांभाळायला जी माणसं सड्यावर गेली ती तिथंच राहिली, म्हणून वस्तीच्या जमिनी कागदोपत्री उंबरकुंडच्या शिवेत. पण उंबरकुंड राहिलं चार किलोमीटर खाली, मधे खिंड आणि पावसाळ्यात छातीएवढा होणारा ओढा. पाथरवाडी मात्र हाकेच्या अंतरावर. वस्तीची पोरं पाथरवाडीच्या शाळेत, दूध पाथरवाडीच्या डेअरीत, दळण पाथरवाडीच्या गिरणीत.

पंचायत एक होती तोवर ही गोष्ट कुणाला टोचत नव्हती. दोन होणार म्हटल्यावर वस्ती कुठं जाणार हे ठरवणं आलं. आणि तिथं हंबीररावांनी हिशेब मांडला. एकट्या उंबरकुंडची लोकसंख्या होती चौदाशे चोवीस. दीड हजारांच्या आत राहिलं तर सात सदस्य मिळणार, वर गेलं तर नऊ. वस्तीची एकशे बासष्ट माणसं मिळवली की गाव दीड हजाराच्या वर जात होतं. वस्ती उंबरकुंडकडंच राहील असा ठराव तयार झाला.

त्या सभेला दहा सदस्य होते. वस्ती आणि पाथरवाडीची वरची आळी मिळून जो वॉर्ड होता, त्यातून बाईच्या राखीव जागेवर तानाबाई निवडून आलेली. चव्वेचाळीस वर्षांची, शाळेचं तोंड न पाहिलेली. सभेत ती कधी बोलत नसे, अंगठा देऊन भिंतीला टेकून बसे. त्या दिवशी ती उठली आणि बोलली. वस्तीचं मन नाही, आम्हाला पाथरवाडीत घाला, म्हणाली. बरंच बोलली. हंबीररावांनी मधे तोडलं नाही. ती खाली बसल्यावर मतं घेतली. नऊ बाजूनं, एक विरोधात.

ठराव बहुमतानं मंजूर झालाच होता. बाबासोंनी तसंच लिहायचं, एवढंच काम होतं. पण हंबीरराव त्यांच्याकडं वळून म्हणाले, "भाऊसाहेब, सर्वानुमते लिवा. एक हरकत लागली की तहसीलदार चौकशीला येतोय, मग दोन वर्सं कागद हालत न्हाय." आणि बाबासोंनी लिहिलं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. हजेरीचा म्हणून तानाबाईंचा अंगठा सभेच्या सुरुवातीलाच घेतलेला होता. तोच खाली राहिला.

कुणी धमकी दिली नव्हती, बदलीची भीतीही घातली नव्हती. म्हणून तर त्यांना ते आठवायला नको वाटायचं. भीतीपोटी केलं असं म्हणायलाही जागा नव्हती. एका शब्दानं काम सोपं होत होतं, तो शब्द त्यांनी लिहिला आणि पुढच्या विषयाकडं वळले. पुढचा विषय जनावरांच्या कोंडवाड्याचा होता, हेही त्यांच्या लक्षात होतं. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना, भावकीला हात जोडून क्षमा मागत. त्या यादीत सड्यावरची बाई कधी आली नव्हती.

त्यांनी अक्काताईला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ती भाजीची परात बाजूला सारून म्हणाली, "मग हितं बसून टोपान का बगत बसलाय? जाऊन या की."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते एसटीनं निघाले. मलकापूरला गाडी बदलली आणि थेट पाथरवाडीच्या फाट्यावर उतरले. तिथून वस्ती दहा मिनिटांची वाट. सड्यावरचा कातळ तापलेला होता, काजूच्या झाडाखाली दोन म्हशी उभ्या होत्या. तानाबाई घराच्या पडवीत शेंगा फोडत बसली होती. शहात्तर वर्षांची झालेली, नजर अधू. तरी यांनी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "वळीकलो की. आवाज त्योच हाय. बसा भाऊसाहेब."

तिनं सुनेला बिनकांद्याची भाजी करायला सांगितलं. भाऊसाहेब कांदालसूण खात नाहीत हे तिला बत्तीस वर्षांनी आठवत होतं, याचं बाबासोंना जास्त ओझं झालं. आडवळणानं बोलणं त्यांना जमेना. तुमची हरकत मी लिहिली नव्हती, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं.

तानाबाईच्या हातातली शेंग फुटली, दाणे परातीत पडले. ती म्हणाली, "ठावं हाय."

पाच वर्षांपूर्वी वस्तीनं अर्ज केला होता, आम्हाला पाथरवाडीत घाला म्हणून. त्याला आलेलं उत्तर तिनं सुनेकरवी आणवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला कागद. विभाजनाचा ठराव सर्वानुमते झाला असून त्यावेळी आपल्या वस्तीची कोणतीही हरकत नव्हती, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. सोबत ठरावाची नक्कल जोडली होती, ती बाबासोंच्या अक्षरातली. थोरल्या मुलानं ती आईला वाचून दाखवली होती. मुलानं तेव्हा विचारलं होतं म्हणे, आई, तू तर सांगायचीस मी एकटी विरोधात उभी राहिले, मग इथं हे काय? तो खोटं बोलतेस असं म्हणाला नव्हता, पण त्यानंतर ती गोष्ट घरात कुणी काढली नाही.

बाबासो हात जोडायला लागले. तिनं ते बघितलं नाही किंवा बघितलं तरी तसं दाखवलं नाही.

"माफीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी काय बोललो ते तुमास्नी आठवतंय का?"

त्यांना एवढंच आठवत होतं की तिनं विरोध केला. बाकीचे शब्द त्यांनी ऐकले होते की नव्हते, तेच आता सांगता येत नव्हतं. तेव्हा त्यांचं लक्ष ठरावाच्या मसुद्याकडं होतं.

मग तिनं सांगितलं. पडवीत बसून, शेंगा फोडायचं न थांबवता, जणू काल बोलल्यासारखं. बाबासोंनी खिशातून पेन काढलं आणि तिच्या बोलीत एक अक्षर न बदलता लिहून घेतलं. मधे दोनदा तिनं थांबवून पुन्हा वाचायला लावलं आणि एका जागी त्यांनी गाळलेला शब्द घालायला लावला.

निघताना ती म्हणाली की तुमच्या सहीनं हे कुठंतरी लागलं पाहिजे. वस्तीवरच्या तिसऱ्या पिढीलाही दाखल्यासाठी खाली जावं लागतं, आणि ओढ्याला पाणी असलं की जाताच येत नाही. वॉर्ड बदलल्यापासून वस्तीतला एक माणूस सदस्य झाला नाही, कारण त्यांची नव्वद मतं खालच्या तीनशे मतांत विरघळून जातात. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस किती पडतो ते सांगावं तसं सांगितलं.

परतीच्या गाडीत बाबासोंनी ठरवलं की प्रतिज्ञापत्र करायचं. पण त्याआधी तेजस्वीला भेटायचं. पोरीनं विश्वासानं काम दिलं होतं, तिला तहसीलच्या नोटिशीतून हे कळावं, असं त्यांना वाटेना. पुढच्या सोमवारी ते उंबरकुंडला गेले. नव्या इमारतीचा गिलावा चालू होता, म्हणून ती शाळेच्या एका खोलीत कारभार बघत होती. त्यांनी सगळं सांगितलं, तानाबाईचं बोलणं वाचून दाखवलं. तेजस्वीनं जुनं प्रोसिडिंग, म्हणजे सभांच्या नोंदींचं बुक, काढलं, ते पान उघडलं आणि ‘सर्वानुमते’ या शब्दावर बोट ठेवलं.

"काका, हे मला न सांगता तुम्ही थेट तहसीलदारांना देऊ शकला असता," ती म्हणाली.

"देऊ शकलो असतो. पण तेव्हाही मी ज्यांना झळ बसणार त्यांना न विचारताच लिहिलं होतं."

तिच्यापुढं अडचण होती ती त्यांना दिसत होती. वस्ती गेली की उंबरकुंड पुन्हा दीड हजारांच्या खाली येणार होतं, कारण निम्मी तरणी माणसं आता कोल्हापूर-इचलकरंजीत आणि पुण्यात होती. नऊचे सात सदस्य होणार. गावात सरपंचानं दोन खुर्च्या घालवल्या असं लोक बोलणार. आणि घरात आजेसासऱ्यांचा फोटो हार घालून भिंतीवर होता, त्याखाली बसून तिला रोज जेवायचं होतं. पुस्तिकेतून ते पान वगळलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. बाबासो म्हणाले, मग माझं लिहिणं ब्याण्णवच्या आधीच थांबवा, पुढचं दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. त्यांनी वही तिच्या टेबलावर ठेवली आणि ते निघून आले.

जवळजवळ चार महिने तिचा फोन आला नाही. बाबासोंनी मलकापूरला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं आणि तहसील कार्यालयात दिलं. पोच घेतली. कारकुनानं ते वाचून वर बघितलं आणि विचारलं की एवढ्या वर्षांनी कशाला. ते म्हणाले, पोच द्या.

ऑगस्टमध्ये तेजस्वीचा फोन आला. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वस्तीचा विषय ठेवलाय, तुम्ही या, एवढंच बोलली.

शाहूवाडीतला ऑगस्ट म्हणजे काय ते सांगायला नको. शाळेच्या पत्र्यावर पावसाचा असा मारा चालला होता की शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं. तरी सभेला शंभरावर माणसं आली. निनाई वस्तीची तीसेक माणसं पाथरवाडीला वळसा घालून दोन जीपमधून आली होती, कारण ओढा भरला होता. तानाबाईला मुलानं हाताला धरून आणलं, खुर्ची दिली. तेजस्वीनं विषय वाचला आणि आधी तानाबाईंनी बोलावं असं सुचवलं.

तानाबाई उठली नाही. "मी एकदा बोललोय," ती म्हणाली. "त्ये भाऊसाहेबांजवळ हाय. त्येच वाचा."

बाबासो उभे राहिले. पावसात ऐकू जावं म्हणून त्यांना जवळजवळ ओरडून वाचावं लागलं, आणि त्यामुळं सगळा वर्ग शांत झाला.

"आमी वस्तीची मानसं. आमची जिमीन कुठल्या गावच्या कागदात हाय त्ये तुमास्नी ठावं. पर गाव म्हंजे कागद न्हाय. सकाळी पोरगं ज्या वाटंनं शाळंला जातंय, बाळंतीण ज्या वाटंनं दवाखान्यात नेत्यात, आन मढं ज्या वाटंनं मसणात जातंय, ती वाट ज्या गावाला जाती त्ये आमचं गाव. तुमाला आमची डोकी पायजेत, मोजायला. मोजा. पर मोजून झाल्यावर त्या डोक्यांस्नी तोंडबी असतंय, त्ये इसरू नगा. माझा इरोध हाय. माझं नाव लिवा."

वाचून झाल्यावर बाबासोंनी सांगितलं की हे नाव मी लिहिलं नाही, आणि सर्वानुमते हा शब्द मी घातला, तो खोटा होता.

मागच्या बाकावरून उदयसिंह उठला. तेजस्वीचा नवरा, हंबीररावांचा नातू. रागानं त्याचा चेहरा लाल झाला होता. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडायला आज तोंड फुटलं, त्या दिवशी लिहिताना हात नव्हता का, असं त्यानं विचारलं.

"हात होता," बाबासो म्हणाले. "खापर त्यांच्या माथी कुठं फोडलंय? ते सांगणारे होते. हात माझाच होता."

उदयसिंह बाहेर निघून गेला. त्याच्यामागं आठ-दहा जण गेले. तेजस्वी जागची हलली नाही. चर्चा तासभर चालली. एक म्हातारा सदस्य म्हणाला की बाईचं खरं आहे, पण गावचं नुकसान कशाला करून घ्यायचं. दुसरा म्हणाला, तीस वर्षांत वस्तीनं गावाला काय दिलं? त्यावर वस्तीतल्या एका बाईनं विचारलं की गावानं वस्तीला काय दिलं ते आधी सांगा. शेवटी हात वर करून मतं घेतली. वस्ती सोडायला संमती द्यावी म्हणणारे एक्केचाळीस, देऊ नये म्हणणारे अठ्ठावन्न. ठराव पडला.

वस्तीची माणसं उठायला लागली तशी तेजस्वीनं त्यांना बसवलं. आत्ताच्या ग्रामसेवकाला, आता ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्याला, तिनं सगळ्यांसमोर मजकूर सांगितला. किती बाजूनं, किती विरोधात, तानाबाईंचं म्हणणं जसंच्या तसं, आणि वस्तीतल्या हजर माणसांची नावं. तो लिहीत असताना ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली. मग ते सगळं मोठ्यानं वाचून घेतलं. तानाबाई मान तिरकी करून ऐकत होती. अंगठा द्यायला पॅड पुढं केलं तेव्हा ती मुलाकडं बघून म्हणाली, "आयकलंस न्हवं?" मुलानं मान खाली घातली आणि तिचा हात धरून पॅडवर टेकवला.

त्या दिवशी बाबासो सूर्यास्ताच्या आत जेवायला म्हणून वस्तीवर गेले. ठराव पडला होता, तेव्हा आनंदाचं कारण नव्हतं. त्यांना वाटलं होतं की सांगून टाकल्यावर छातीवरचं उतरेल. तसं काही झालं नाही. एक गोष्ट मात्र झाली. भाकरी मोडताना तानाबाईनं त्यांना पाथरवाडीच्या त्या जुन्या रेडिओच्या तक्रारीची आठवण काढून दिली आणि दोघंही हसले, एकाच कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसांनी हसावं तसे.

ग्रामसभेचा कागद आणि बाबासोंचं प्रतिज्ञापत्र वर गेलं. तेजस्वीनं सोबतच्या पत्रात लिहिलं की ग्रामसभेची संमती नाही, मात्र मूळ हरकतीची चौकशी आजवर झालेली नाही, ती व्हावी. हे पत्र तिनं कुणाला विचारून लिहिलं नव्हतं. घरात पंधरा दिवस उदयसिंह तिच्याशी बोलला नाही, असं बाबासोंच्या कानावर आलं.

डिसेंबरात चौकशीला अधिकारी आले. ते आधी उंबरकुंडला थांबले आणि तिथून गाडीनं वस्तीवर निघाले. खिंडीतून गाडी जात नाही, म्हणून पाथरवाडीतून जावं लागलं. पाथरवाडी ग्रामपंचायतीच्या पाटीसमोर गाडी आली तेव्हा अधिकाऱ्यांनी ड्रायव्हरला विचारलं की आपण रस्ता तर चुकलो नाही ना. ड्रायव्हर म्हणाला, वस्तीला हाच रस्ता. अधिकारी वस्तीवर पोचल्यावर तानाबाईंना त्यांनी मोजके तीन प्रश्न विचारले आणि चहा घेऊन परत फिरले.

जानेवारीत उद्घाटन झालं. पुस्तिका निघाली, तिच्यात ब्याण्णव सालचं पान होतं. डाव्या बाजूला श्रमदानात पहार घेतलेल्या हंबीररावांचा फोटो, उजव्या बाजूला तानाबाईंचं बोलणं. बाबासोंना निमंत्रण होतं, पण ते गेले नाहीत. आपण गेलो तर उदयसिंहला स्वतःच्या गावच्या कार्यक्रमातून उठून जावं लागेल, असं त्यांना वाटलं. अक्काताईनं पुस्तिका चष्मा लावून अखेरपर्यंत वाचली आणि छपाईच्या दोन चुका काढल्या.

हुकूम यायला त्यानंतर आठ महिने लागले. निनाई वस्ती येत्या निवडणुकीपासून पाथरवाडीत. उंबरकुंडच्या जागा नवावरून सात. गावात नाराजी झाली, तेजस्वीला दोन ठिकाणी तोंडावर ऐकून घ्यावं लागलं. पुढच्या खेपेला ती उभी राहणार की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

एक दिवस दुपारी तिनं बाबासोंना फोन केला. दम लागलेला होता. वस्तीचं दप्तर पाथरवाडीच्या स्वाधीन करायचं होतं, तेवीसच्या एकतीस झालेल्या घरांच्या नोंदी, जन्ममृत्यूचे उतारे, असं एक गाठोडं. शिपाई गाडीतून नेतो म्हणत होता. तिनं ते स्वतः घेतलं आणि खिंडीतून चालत निघाली. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. वर पोचायला एक तास वीस मिनिटं लागली. साडेचार वर्षं सरपंच असून ती वाट तिनं आजवर कधी चालली नव्हती, हे तिनं स्वतःहून सांगितलं.

बाबासोंनी विचारलं की तानाबाई काय म्हणाल्या.

"काही नाही म्हणाल्या, काका. माझे पाय बघितले, आणि आधी धुवायला पाणी दिलं."

वस्तीवर रेंज नीट लागत नव्हती. ती आणखी काहीतरी सांगत होती, पाथरवाडीचे लोक दप्तर घ्यायला आलेत आणि सुरुवातीलाच पाण्याच्या टाकीवरून तानाबाईचं त्यांच्याशी वाजलंय, असं काहीसं. मग आवाज तुटला. बाबासोंनी फोन खाली ठेवला. बाहेर कुणीतरी वारसनोंदीचा अर्ज लिहून घ्यायला येऊन उभं होतं. त्यांनी त्याला आत बोलावलं, समोर बसवलं, आणि लिहायच्या आधी घरातली सगळी माणसं किती आणि त्यातल्या कुणाकुणाला हे मान्य आहे, ते एकेकाचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली.